अपलिंक बदलल्यावर व्हर्च्युअल मशीनचा संपर्क तुटणे : सर्व्हर खोलीतील स्विच बदलाच्या नोंदी

शुक्रवार, १३ जून २०२५ : बदलापूर्वीची स्थिती

आमच्या महाविद्यालयाच्या सर्व्हर खोलीत ईएसएक्सआय ७.० (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारी प्रणाली) वर चालणारे तीन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर, आहेत. त्यांच्यावर परीक्षा विभाग, ग्रंथालय, शुल्कवसुली, हजेरी आणि प्रयोगशाळांसाठीची मिळून चाळीसच्या आसपास व्हर्च्युअल मशीन आहेत. ७.० आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत असल्यामुळे पुढची आवृत्ती चढवणे भागच आहे. त्याआधी जुने स्विच काढून त्या जागी नवे बसवावेत, म्हणजे एकाच वेळी दोन बदल अंगावर येणार नाहीत, असे ठरले.

प्रत्येक होस्टला चार नेटवर्क पोर्ट आहेत. त्यांपैकी १ गिगाबिटचे दोन पोर्ट व्यवस्थापन आणि व्हीमोशन (चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय) यांसाठी व्हीस्विच० या होस्टमधल्या आभासी स्विचवर आहेत, तर १० गिगाबिटचे दोन, म्हणजे व्हीएमनिक२ आणि व्हीएमनिक३, हे व्हर्च्युअल मशीनच्या वाहतुकीसाठी व्हीस्विच१ वर आहेत. साठवणुकीची जोडणी फायबर चॅनेलवर असल्याने तिचा या कामाशी संबंध येत नाही. दोन्ही व्हीस्विच स्टँडर्ड प्रकारचे असून वाहतूक विभागण्याचे धोरण मूळचेच आहे : प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला तिच्या आभासी पोर्टच्या क्रमांकावरून एक अपलिंक, म्हणजे बाहेरच्या स्विचकडे जाणारी भौतिक जोडणी, नेमून दिली जाते आणि ती लिंक पडेपर्यंत मशीन तिथेच राहते.

जुने दोन स्विच एकमेकांपासून स्वतंत्र होते आणि प्रत्येक होस्टची एकेक १० गिगाबिटची केबल एकेका स्विचवर, साध्या ट्रंक पोर्टमध्ये (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच केबलीवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क, वाहणाऱ्या पोर्टमध्ये), जात होती. नवे दोन स्विच स्टॅक करून एकच स्विच म्हणून चालणार आहेत. त्यामुळे दोन्ही केबली एका पोर्ट चॅनेलमध्ये, म्हणजे दोन मिळून एक अशा जोडणीत, बांधता येतील, अशी सूचना नेटवर्कच्या कंत्राटदाराकडून आली आणि ती मान्य झाली. जुन्या स्विचची संपूर्ण मांडणी उतरवून ठेवली आणि केबलींची छायाचित्रे काढली. होस्टच्या बाजूचे पोर्ट ग्रुप (व्हीस्विचवरचे मशीनच्या जोडणीचे गट) आणि त्यांची धोरणे मात्र कोणीही लिहून ठेवली नाहीत, कारण त्या बाजूला काही बदलायचेच नव्हते.

शनिवार, १४ जून, सकाळ : एका होस्टवरील सर्व व्हर्च्युअल मशीन तुटल्या

पहिल्या होस्टवर व्हर्च्युअल मशीन चालू ठेवूनच एकेक केबल हलवायची, असा बेत होता. व्हीएमनिक३ ची केबल काढून नव्या स्विचमध्ये लावली, तेव्हा दिवा लागला, व्हीस्फिअर क्लायंटमध्ये (होस्ट सांभाळण्याच्या पडद्यावर) १०,००० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स असे दिसले आणि ज्या दोन मशीनना सतत पिंग (उत्तर मागणारे छोटे पाकीट) चालू ठेवला होता त्यांचे एकही पाकीट हरवले नाही. त्यानंतर व्हीएमनिक२ ची केबल हलवली आणि होस्टवरच्या सगळ्याच मशीनचा बाहेरशी संपर्क तुटला.

खरे तर निम्म्या मशीन पहिली केबल हलवली त्याच क्षणी तुटल्या होत्या. पिंगसाठी निवडलेल्या दोन्ही मशीन योगायोगाने व्हीएमनिक२ वर नेमलेल्या होत्या, म्हणून ते कळले नाही. होस्टवर ईएसएक्सटॉप हे देखरेखीचे साधन चालवून नेटवर्कच्या पानावर गेले, की प्रत्येक मशीन कोणत्या अपलिंकवर आहे हे टीम-पीनिक या रकान्यात दिसते. पिंगसाठी मशीन निवडताना हा रकाना पाहून दोन्ही अपलिंकवरची एकेक तरी घ्यावी. देखरेखीच्या सॉफ्टवेअरनेही दिशाभूल केली. ते ज्या मशीनवर चालते ती याच होस्टवर होती, आणि एकाच होस्टवरच्या एकाच पोर्ट ग्रुपमधल्या मशीनचे आपसांतले बोलणे केबलीपर्यंत येतच नाही. त्यामुळे परीक्षा विभागाचे संकेतस्थळ आणि त्याचा डेटाबेस एकमेकांशी व्यवस्थित बोलत होते आणि देखरेखीच्या पडद्यावर सर्व हिरवे होते, तर बाहेरून कोणालाही काहीच उघडत नव्हते.

कारण स्विचच्या बाजूला सापडले. कंत्राटदाराच्या अभियंत्यांनी पोर्ट चॅनेल एलएसीपीच्या (दोन्ही टोकांनी आपसांत वाटाघाट करून चॅनेल बांधण्याच्या नियमावलीच्या) सक्रिय पद्धतीने बांधले होते, म्हणजे समोरून एलएसीपीची पाकिटे आल्याखेरीज ते पोर्ट चॅनेलमध्ये घेतले जाणार नाहीत. स्टँडर्ड व्हीस्विचला एलएसीपी बोलताच येत नाही. ती सोय फक्त डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये, म्हणजे सर्व होस्टवर पसरलेल्या एकाच आभासी स्विचमध्ये, आहे आणि तो वरच्या परवान्यासोबत येतो, जो आमच्याकडे नाही. उत्तर न आल्याने आमच्या स्विचने दोन्ही पोर्ट निलंबित केले होते. निलंबित पोर्टचा दिवा चालूच राहतो. व्हीस्विचचे बिघाड ओळखण्याचे धोरण केवळ लिंकची स्थिती पाहण्याचे असल्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही अपलिंक धडधाकट होत्या, आणि म्हणून एका लिंकवरून दुसरीवर जाण्याची वेळच आली नाही.

केबली परत जुन्या स्विचवर लावून तासाभरात सेवा सुरू केली. यात गेलेला वेळ मुख्यतः होस्टवर दोष शोधण्यात गेला. स्विचवर चॅनेलचा सारांश पाहिला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

शनिवार, १४ जून, दुपार ते संध्याकाळ : स्थिर चॅनेल, आणि सम-विषमाचा घोळ

अभियंत्यांनी चॅनेल एलएसीपीऐवजी स्थिर पद्धतीचे केले, ज्यात वाटाघाट नसते आणि दोन्ही पोर्ट थेट एकत्र धरले जातात. दुपारी दोनच्या सुमारास केबली पुन्हा हलवल्या. या वेळी ज्या मशीनना पिंग केला त्या सर्वांनी उत्तर दिले, म्हणून उरलेले दोन होस्टही लगोलग नव्या स्विचवर आणले.

तक्रारी अर्ध्या तासात येऊ लागल्या आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. शुल्कवसुलीचे पान लेखा विभागातल्या एका संगणकावर उघडत होते आणि शेजारच्या संगणकावर उघडत नव्हते. प्रयोगशाळेत एकाआड एक संगणक चालत होते. संगणकांचे आयपी पत्ते कागदावर लिहून काढल्यावर आकृती दिसली : १०.२०.४.१८ या सर्व्हरपर्यंत १०.२०.९.५२, ५४, ५६ हे संगणक पोहोचत होते आणि ५१, ५३, ५५ पोहोचत नव्हते. दुसऱ्या एका सर्व्हरच्या बाबतीत हेच चित्र उलटे होते.

संध्याकाळी सहाच्या सुमारास, कोणीही कशालाही हात लावलेला नसताना, दुपारपासून चालू असलेल्या काही मशीनही बंद पडल्या. त्या रात्री एवढेच केले की परीक्षा विभागाच्या दोन मशीन ज्या होस्टवर होत्या, त्या होस्टची व्हीएमनिक३ ची केबल काढून ठेवली. एकच केबल उरल्यावर सगळे सुरळीत झाले. तात्पुरता उपाय म्हणून तो उत्तम होता, आणि दोष दोन केबलींच्या एकत्र वागण्यात आहे हेही त्यामुळे पक्के झाले.

रविवार, १५ जून, सकाळ : पाकिटांचा माग

होस्टवर पीकेटीकॅप-यूडब्ल्यू हे साधन आधीपासूनच असते. त्याने एकेका अपलिंकवरची ये-जा वेगवेगळी पाहता येते. चाचणीच्या होस्टवर दोन खिडक्या उघडून एकीत व्हीएमनिक२ आणि दुसरीत व्हीएमनिक३ वरची पाकिटे पाहिली, आणि त्याच वेळी मशीनच्या आभासी पोर्टवर काय पोहोचते तेही पाहिले. सर्व्हर व्हीएमनिक२ वर नेमलेला होता आणि त्याची सर्व पाकिटे तिथूनच बाहेर जात होती. ५२ क्रमांकाच्या संगणकाची उत्तरे व्हीएमनिक२ वर येत आणि सर्व्हरपर्यंत पोहोचत. ५१ क्रमांकाची उत्तरे व्हीएमनिक३ वर येत आणि तिथेच संपत.

स्विचच्या दृष्टीने त्या दोन केबली म्हणजे एकच जाड केबल होती. तिच्यावरची वाहतूक तो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या आयपी पत्त्यांवरून विभागत होता, आणि दोनच केबली असल्याने व्यवहारात पत्त्यांच्या शेवटच्या बिटवर सगळे ठरत होते. व्हीस्विचच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या केबली होत्या, आणि जी मशीन व्हीएमनिक२ वर नेमली आहे तिच्यासाठी व्हीएमनिक३ वरून आलेले पाकीट तो टाकून देतो. हे वागणे मुद्दाम ठेवलेले आहे. मशीनने पाठवलेले ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून पाठवलेले पाकीट) स्विचवरून फिरून दुसऱ्या केबलीने तिच्याच दारात परत येऊ नये यासाठी त्याची गरज असते.

संध्याकाळच्या दुसऱ्या लाटेचे कारणही यातच होते. गेटवे (नेटवर्कबाहेर नेणारा राउटर) जेव्हा एखाद्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, विचारतो, तेव्हा त्याचे एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याचे) ब्रॉडकास्ट चॅनेलमधल्या एकाच केबलीवरून होस्टकडे येते, आणि जी मशीन दुसऱ्या केबलीवर नेमलेली आहे तिच्या कानी ते पडतच नाही. आमच्या गेटवेवर एआरपीच्या नोंदीची मुदत ४ तासांची होती. जुनी नोंद जिवंत होती तोवर निम्मे संगणक तरी पोहोचत होते. दोनच्या सुमारास ताज्या झालेल्या नोंदी सहाच्या सुमारास संपल्या आणि त्या मशीन सगळ्यांसाठीच नाहीशा झाल्या. स्वतःहून बाहेर काही पाठवत राहणाऱ्या मशीनची नोंद गेटवेवर पुन्हा होत असल्यामुळे त्या टिकल्या होत्या. असला दोष ज्यांना शोधायचा आहे त्यांनी बदलानंतर पाच मिनिटांचा पिंग पुरेसा मानू नये. गेटवेवरची एआरपीची नोंद स्वतः पुसून मग पिंग करावा.

रविवार, १५ जून, दुपार : होस्टचे धोरण बदलले

स्विचवर स्थिर चॅनेल असेल तर व्हीस्विचवर आयपी हॅशचे, म्हणजे दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांवरून केबल निवडण्याचे, धोरणच लागते, दुसरे कोणतेही चालत नाही. त्यासोबतच्या अटीही पाळाव्या लागतात : दोन्ही अपलिंक सक्रिय असाव्यात, एकही राखीव नसावी, आणि बिघाड ओळखण्यासाठी बीकन (एका अपलिंकवरून दुसरीकडे जाणारी चाचणीची पाकिटे) पाठवण्याची पद्धत वापरू नये. तिन्ही होस्टवर व्हीस्विच१ चे धोरण एकामागून एक बदलले, गेटवेवरच्या एआरपीच्या नोंदी पुसल्या आणि सम-विषम दोन्ही पत्त्यांवरून सर्व मशीन तपासल्या.

परीक्षा विभागाचा पोर्ट ग्रुप वगळता सर्व चालू झाले. त्या पोर्ट ग्रुपवर व्हीस्विचचे धोरण बाजूला सारून स्वतःचे धोरण लावलेले होते, ज्यात व्हीएमनिक२ सक्रिय आणि व्हीएमनिक३ राखीव होती. कधीकाळी एखाद्या परीक्षेच्या वेळी कोणीतरी सावधगिरी म्हणून ते केले असावे. लेखी नोंद कोठेही नाही. व्हीस्विचवर केलेला बदल अशा पोर्ट ग्रुपपर्यंत उतरत नाही आणि व्हीस्विचच्या पानावर तसे दिसतही नाही, म्हणून प्रत्येक पोर्ट ग्रुप उघडून वरचे धोरण बाजूला सारल्याची खूण आहे का ते पाहावे लागते. ती खूण काढताच परीक्षा विभागही चालू झाला. व्यवस्थापनाच्या पोर्ट ग्रुपवर अशी खूण असणे विशेष धोक्याचे असते, कारण तिथे गफलत झाली तर होस्टशी बोलण्याची वाटच बंद होते आणि होस्टला पडदा-कीबोर्ड जोडून, त्याच्या पिवळ्या-करड्या पडद्यावरून नेटवर्क पूर्ववत करावे लागते. आम्ही व्हीस्विच० या सगळ्या कामात जुन्याच पद्धतीने स्वतंत्र पोर्टवर ठेवला होता, आणि या प्रकल्पातला हा एक निर्णय सुरुवातीपासून बरोबर ठरला.

त्याच बैठकीत आणखी एक दोष सापडला. व्हीस्फिअर क्लायंटमध्ये भौतिक अडॅप्टरच्या तपशिलात सीडीपीची माहिती दिसते, म्हणजे समोर कोणता स्विच आणि कोणता पोर्ट आहे ते कळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या होस्टच्या एकेका केबलीची आदलाबदल झालेली होती. स्थिर चॅनेलमध्ये कोणी कोणाला ओळख विचारत नसल्यामुळे स्विचने तीही मुकाट्याने स्वीकारली होती. एलएसीपी असते तर ही चूक लगेच उघडी पडली असती.

मंगळवार, १७ जून : एका शब्दाने गेलेले व्हीलॅन

ग्रंथालयासाठी २४० क्रमांकाचे व्हीलॅन ट्रंकवर वाढवायचे होते. ट्रंकवर परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी बदलण्याच्या आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द घातला नाही, तर स्विच दिलेला क्रमांक यादीत वाढवत नाही, तर जुनी सगळी यादी पुसून तेवढा एकच क्रमांक ठेवतो. दुसऱ्या होस्टच्या चॅनेलवर नेमके हेच घडले आणि २४० सोडून बाकी सर्व व्हीलॅनमधल्या मशीन क्षणात तुटल्या. शुक्रवारी उतरवलेली यादी हाताशी असल्याने दहा-बारा मिनिटांत ती परत भरता आली. यापुढे असा बदल करण्याआधी सध्याची यादी पडद्यावर काढायची आणि आज्ञा दुसऱ्या माणसाने वाचून मगच एंटर दाबायचे, असे ठरले आहे. बदल नेहमी चॅनेलवरच करावा, एकेका सदस्य पोर्टवर करू नये. दोन सदस्यांच्या याद्या जुळल्या नाहीत तर स्विच त्यांतला एक चॅनेलबाहेर काढतो.

शनिवार, २१ जून : चॅनेल काढून टाकण्याचा निर्णय

आठवडाभर दोन्ही अपलिंकवरची वाहतूक पाहिली. एका मशीनचे एका संगणकाशी होणारे बोलणे आयपी हॅशमध्येही एकाच केबलीवरून जाते, म्हणजे एका मोठ्या फाइलीची नक्कल काही दुप्पट वेगाने होत नाही. फायदा होतो तो एका मशीनचे एकाच वेळी अनेकांशी बोलणे चालू असेल आणि १० गिगाबिट अपुरे पडत असतील तरच. आमच्याकडे वाहतूक एका केबलीच्या दशांशापलीकडे क्वचितच गेली. जे हवे होते ते एवढेच की एक केबल किंवा एक स्विच गेला तरी काम थांबू नये, आणि ते दोन स्वतंत्र ट्रंक पोर्टनी आधीपासूनच मिळत होते. चॅनेलमुळे मिळकत शून्य, आणि दोन्ही बाजूंची धोरणे कायम जुळती ठेवण्याचे ओझे मात्र वाढले. होस्ट एका विभागाच्या हाती आणि स्विच कंत्राटदाराच्या हाती असताना हे ओझे उचलण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कंत्राटदाराच्या अभियंत्यांना ते प्रथम पटले नाही. वाहतुकीचे आकडे पाहिल्यावर त्यांनी मान्य केले.

या वेळी चालू मशीनखालून केबली ओढल्या नाहीत. पहिला होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकून त्याच्या सर्व मशीन इतर दोन होस्टवर पाठवल्या, मग व्हीस्विच१ चे धोरण मूळ पद्धतीवर आणले आणि त्यानंतर स्विचवरचे चॅनेल काढले. आमच्या स्विचवर चॅनेल काढताच त्याचे सदस्य पोर्ट आपोआप बंद झाले. ते हाताने पुन्हा चालू करावे लागतात, हे आधी माहीत असलेले बरे.

परत मशीन आणण्याआधी चाचणीसाठी दोन तात्पुरते पोर्ट ग्रुप केले. एकात फक्त व्हीएमनिक२ सक्रिय ठेवून व्हीएमनिक३ न वापरण्याच्या यादीत टाकली आणि दुसऱ्यात याच्या उलट केले. एक छोटी लिनक्स मशीन आळीपाळीने दोन्हींत ठेवून, व्हीलॅनचा क्रमांक बदलत, प्रत्येक व्हीलॅन प्रत्येक केबलीवरून तपासले. काम कंटाळवाणे आहे, पण पहिल्याच होस्टवर व्हीएमनिक३ च्या पोर्टवर हजेरीचे व्हीलॅन राहून गेल्याचे यातूनच कळले. एरवी त्या लिंकवर नेमली गेलेली एखादी मशीन आठवड्याने तुटली असती.

रविवार, २२ जून : केबल ओढून पाहणे

तिन्ही होस्ट स्वतंत्र पोर्टवर आल्यावर चालू पिंगसह एकेक केबल काढून पाहिली. केबल काढताना एखादे पाकीट हरवले, तेवढे चालते. केबल परत लावल्यावर मात्र त्या केबलीवरच्या मशीन अर्धा मिनिट गप्प झाल्या. पोर्टचा दिवा लागताच व्हीस्विच आपल्या मशीन त्या केबलीवर परत आणतो, पण स्विचवर स्पॅनिंग ट्रीचे (नेटवर्कमध्ये पाकिटांचे फेरे होऊ न देणाऱ्या पद्धतीचे) ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ सेकंद संपेपर्यंत तो पोर्ट काहीच पुढे पाठवत नाही. पोर्टफास्ट (ही वाट पाहणे टाळणारी सोय) लावलेले होते, पण ते साध्या ॲक्सेस पोर्टचे. ट्रंक पोर्टवर त्याचा परिणाम व्हायचा तर आज्ञेच्या शेवटी ‘ट्रंक’ हा शब्द लागतो. तो घातल्यावर केबल परत लावताना एकही पाकीट गेले नाही. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्डही (बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा संदेश, आल्यास पोर्ट बंद करणारी सोय) लावला. एखाद्या मशीनमधून चुकून बीपीडीयू बाहेर पडला तर स्विच होस्टचा संपूर्ण पोर्ट बंद करेल, म्हणून होस्टवरची पाहुण्या मशीनचे बीपीडीयू अडवण्याची प्रगत सेटिंग १ केली.

बीकनची पद्धत वापरून पाहावी का, असा प्रश्न निघाला. दोनच अपलिंक असताना बीकन हरवल्यास दोष कोणत्या केबलीत आहे हे व्हीस्विचला ठरवता येत नाही आणि तो दोन्हींवर पाकिटे पाठवू लागतो. किमान तीन अपलिंक असतील तरच तिचा उपयोग. त्याऐवजी स्विचच्या वरच्या बाजूची जोडणी तुटल्यास होस्टकडचे पोर्टही पाडण्याची सोय स्विचवरच करण्यास सांगितले आहे, म्हणजे दिवा विझेल आणि व्हीस्विचला ते कळेल.

शनिवार, २८ जून : उरलेली कामे

तीनही होस्टचे पोर्ट ग्रुप, त्यांची धोरणे आणि प्रत्येक केबलीचा स्विचवरचा पोर्ट आता एका तक्त्यात आहे आणि त्याची एक प्रत रॅकच्या दारावर लावली आहे. देखरेखीची मशीन होस्टवरून काढून कार्यालयातल्या एका जुन्या संगणकावर हलवली. त्याची मेमरी वाढवण्याचा खर्च हजाराच्या आत झाला. कंत्राटदाराच्या दोन जादा भेटींचे देयक मंजुरीसाठी गेले आहे. वरची जोडणी तुटल्यास पोर्ट पाडण्याची सोय एका स्विचवर चाचणी करून चालू केली आहे. दुसऱ्यावर ती करण्यासाठी प्रवेशप्रक्रियेची गर्दी ओसरेपर्यंत वेळ मिळणार नाही, म्हणून तोपर्यंत त्या स्विचकडच्या केबलींवर कोणताही बदल करायचा नाही असे सर्वांना कळवले आहे.